जुळविलेल्या संगणकाचे दोषनिदान

यंत्र तयार विकत घेणे आणि यंत्राचे भाग आणून ते स्वतः जुळविणे, या दोन गोष्टींत किमतीचा फरक असतो. तसाच जबाबदारीचाही असतो. तयार यंत्र बिघडले तर ते निर्मात्याच्या दारात नेऊन ठेवता येते. जुळविलेल्या यंत्राला असे एकच दार नसते. मदरबोर्ड एका कारखान्याचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्याचे, आणि प्रत्येकाची हमी आपापल्या भागापुरती. हे भाग एकमेकांशी नीट नांदतात की नाही, हे पाहण्याचे काम जुळविणाऱ्याकडेच राहते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड या बाजारांतून असे संगणक वर्षानुवर्षे जुळवून घेतले जात आहेत, आणि ‘असेंबल केलेला कॉम्प्युटर’ हा शब्दप्रयोग मराठी घरांतही आता परका राहिलेला नाही.

अशा संगणकावर विंडोज किंवा लिनक्स चालविणे ही सामान्य गोष्ट आहे, कारण त्या प्रणाली नाना तऱ्हेच्या यंत्रांवर चालाव्यात अशाच हेतूने रचलेल्या आहेत. मॅकओएस या प्रणालीचे तसे नाही. ती ॲपल कंपनीने स्वतःच्या संगणकांसाठी, आणि केवळ त्यांच्यासाठीच, घडविलेली आहे. तरीही काही लोक ती जुळविलेल्या यंत्रावर चालवितात. अशा यंत्राला ‘हॅकिंटॉश’ असे नाव पडले आहे. चित्रफितींचे संकलन करणाऱ्याला फायनल कट प्रो आणि संगीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला लॉजिक प्रो ही साधने संगणकावर हवी असतील, तर ती मॅकओएसवरच मिळतात. आणि ॲपलच्या मोठ्या संगणकांची किंमत पुष्कळांच्या आवाक्याबाहेरची असते. या दोन कारणांतून हा प्रकार वाढला. त्या यंत्रात दोष उत्पन्न झाला असता तो कोणत्या पद्धतीने शोधावा, आणि या खटाटोपाची मर्यादा कोठे आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहणे इष्ट ठरेल. ॲपलचे संगणक पूर्वी पॉवरपीसी जातीच्या प्रोसेसरवर चालत. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कंपनी इंटेलच्या प्रोसेसरकडे वळणार असल्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २००६ मध्ये तसे पहिले संगणक बाजारात आले. बाजारात सुटा मिळणारा प्रोसेसर आणि ॲपलच्या पेटीतला प्रोसेसर आता एकाच कुळातले झाले. तांत्रिक भिंत अशा रीतीने खचली. कायद्याची भिंत मात्र जागच्या जागी राहिली. मॅकओएसच्या परवान्यात ती ॲपलचे नाव असलेल्या संगणकावरच बसवावी, अशी स्पष्ट अट आहे. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने जुळविलेल्या संगणकांवर ही प्रणाली बसवून त्यांची विक्री आरंभिली. ॲपलने त्याच वर्षी दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निर्णय दिला, डिसेंबरात विक्रीस कायमची मनाई झाली, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. एखाद्याने विक्रीसाठी नव्हे तर घरच्या वापरासाठी असे यंत्र जुळविले, तरी परवान्याची अट त्यालाही लागू असते. ही गोष्ट मनात स्पष्ट ठेवूनच पुढे जावे. अशा यंत्राच्या पाठीशी कोणतीही कंपनी उभी नाही, कोणतेही सेवाकेंद्र ते हाती घेणार नाही, आणि त्यावर साठविलेल्या कामाची राखण मालकावाचून दुसरे कोणी करणार नाही.

आता या यंत्रातले दोष इतर संगणकांहून वेगळे का असतात, ते पाहू. संगणक सुरू होताना प्रणाली यंत्राचे भाग डोळ्यांनी पाहत नाही. ती कागदपत्रांवर विसंबते. मदरबोर्डाच्या निर्मात्याने एसीपीआय नावाची कोष्टके बोर्डात लिहून ठेवलेली असतात. या यंत्रात घड्याळ कोठे आहे, वीज कशी सांभाळावी, निद्रावस्थेत कसे जावे, कोणते जोड कोठे आहेत, याचे निवेदन त्यांत असते. ॲपलच्या संगणकात हे निवेदन लिहिणारा आणि ते वाचणारा एकाच घरचा असतो. त्यामुळे दोघांत गैरसमज होण्याचा संभव कमी. जुळविलेल्या यंत्रात ती कोष्टके मुख्यतः विंडोजकडे दृष्टी ठेवून लिहिलेली असतात, आणि मॅकओएसला त्यांतली काही भाषा समजतच नाही. म्हणून दोहोंच्या मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. त्यालाच बूटलोडर म्हणतात. पूर्वी या कामी कॅमेलिऑन आणि नंतर क्लोव्हर हे बूटलोडर वापरीत असत. २०१९ मध्ये ओपनकोअर हा नवा बूटलोडर पुढे आला आणि पुढे तोच रूढ झाला.

ओपनकोअर मूळ कोष्टके वाचतो, त्यांतल्या अडचणीच्या जागी पुरवण्या जोडतो, आणि मॅकओएसपुढे असे चित्र उभे करतो की, हे यंत्र म्हणजे अमुक वर्षीचा आयमॅक किंवा मॅक प्रो होय. त्याच्या सर्व सूचना कॉन्फिग नावाच्या एका फाइलीत लिहिलेल्या असतात. शिवाय ‘केक्स्ट’ या नावाने ओळखले जाणारे छोटे ड्रायव्हर त्याच्या सोबत असतात. ही व्यवस्था लक्षात आली म्हणजे दोषांचे स्वरूपही उलगडते. भाग स्वतः नासल्यामुळे उद्भवणारे दोष येथेही असतातच. परंतु या यंत्राचे जे खास दोष आहेत, ते बहुधा सांगितलेली गोष्ट आणि वस्तुस्थिती यांचा मेळ न बसल्यामुळे होतात. यंत्राविषयी प्रणालीला दिलेल्या अनेक दाखल्यांपैकी कोणता दाखला खोटा किंवा अपुरा आहे, हे हुडकून काढणे म्हणजेच येथे दोषनिदान करणे होय.

उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. इंटेलच्या तीनशे क्रमांकाच्या मालिकेपासूनच्या पुष्कळ मदरबोर्डांवर एडब्ल्यूएसी या नव्या पद्धतीचे घड्याळ असते. मॅकओएसला जुनी, आरटीसी नावाची पद्धतच ठाऊक आहे. घड्याळ बोर्डावर असते, चालूही असते. परंतु ज्या नावाने प्रणाली त्याला हाक मारते त्या नावाला कोणी ओ देत नाही, आणि संगणक सुरू होता होता वाटेतच थबकतो. जुने घड्याळ उपलब्ध आहे असे सांगणारी लहानशी पुरवणी जोडली की तोच संगणक पुढे चालू लागतो. दुसरे उदाहरण स्मृतीच्या पट्ट्यांचे, म्हणजे रॅमचे आहे. एखाद्याने आपले यंत्र २०१९ चा मॅक प्रो असल्याचे भासविले, तर रॅमच्या पट्ट्या चुकीच्या खाचांत बसविल्या आहेत, अशी तक्रार प्रणाली करू लागते. खऱ्या मॅक प्रोमध्ये रॅमसाठी बारा खाचा असतात. जुळविलेल्या यंत्रात बहुधा चारच. रॅममध्ये किंवा खाचांत काहीही बिघडलेले नसते. यंत्राने जो मोठेपणा सांगितला, त्याची झडती तेवढी प्रणाली घेत असते.

तिसरे उदाहरण यूएसबीचे. २०१५ मधल्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकावर पंधरांहून अधिक जोड मान्य करीत नाही. पंधरा ही संख्या ऐकावयास मोठी वाटते. परंतु यूएसबी तीनचा प्रत्येक जोड दोनदा मोजला जातो, एकदा जुन्या वेगासाठी आणि एकदा नव्या वेगासाठी. शिवाय कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे जोड आणि बोर्डावरचे अंतर्गत जोडही त्यात धरले जातात. संख्या पंधराच्या वर गेली की उरलेले जोड मृतवत होतात. मालकाला वाटते, पेनड्राइव्ह बिघडला किंवा जोड सैल झाला. वास्तविक तो जोड यादीतून गळलेला असतो. कोणते पंधरा जोड ठेवावयाचे याची यादी मालकाने स्वतः करून प्रणालीला दिली, म्हणजे हा दोष मिटतो.

निदानाचे पहिले सूत्र असे की, यंत्र कोठे थांबले हे आधी निश्चित करावे. का थांबले, हा प्रश्न त्यानंतरचा. संगणक सुरू होण्याला ठरलेल्या पायऱ्या असतात. प्रथम बायोस जागा होतो आणि भागांची प्राथमिक तपासणी करतो. मग बूटलोडर येतो. तो प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, स्मृतीत आणून ठेवतो. कर्नल ड्रायव्हरांना कामाला लावतो, डिस्क शोधतो, पडदा उजळतो, आणि शेवटी वापरणाऱ्याचे नाव विचारणारी खिडकी दिसते. ज्या पायरीवर यंत्र अडखळले, तिच्या पुढच्या पायऱ्यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. पडद्यावर ॲपलचे चिन्हही न दिसणाऱ्या यंत्राच्या मालकाने ध्वनीच्या ड्रायव्हरची चिंता करणे, म्हणजे पाया खचलेल्या घराच्या खिडक्यांना रंग देत बसण्यासारखे आहे.

ही पायरी ओळखण्याचे साधन ओपनकोअरमध्येच असते. एरवी ॲपलचे चिन्ह आणि त्याखाली सरकणारी रेघ एवढेच दिसते. परंतु ‘व्हर्बोज’ नावाची सूचना दिली असता त्या चिन्हाऐवजी प्रणालीचे सारे निवेदन ओळीमागून ओळ पडद्यावर उमटू लागते. नवशिक्याला ते पाहून धडकी भरते. तथापि ते सर्व समजण्याची गरज नसते. शेवटच्या काही ओळींचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि त्या शांतपणे वाचाव्यात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. शेवटची ओळ ही दोषाचीच ओळ असते, असे नाही. पुष्कळदा ती निर्विघ्न पार पडलेल्या शेवटच्या कामाची असते, आणि दोष तिच्या लगेच पुढे असतो.

काही विरामस्थाने इतकी परिचित झाली आहेत की, ती दिसताच शोधाची दिशा ठरते. निवेदन ‘एक्झिटबीएस’ या शब्दापाशी थांबले, तर बायोसकडून कर्नलकडे कार्यभार सोपविला जात असतानाच घोटाळा झाला, असे समजावे. स्मृतीच्या वाटणीसंबंधीच्या ओपनकोअरमधील सूचना आणि बायोसमधील काही निवडी तेथे तपासाव्या लागतात. वर्तुळात तिरकी रेघ असलेले मनाईचे चिन्ह दिसले आणि मूळ डिस्कची वाट पाहत असल्याचा संदेश आला, तर कर्नल चालू झाला आहे, परंतु ज्या डिस्कवरून पुढचे वाचावयाचे तीच त्याला सापडत नाही. पेनड्राइव्हवरून प्रणाली बसविताना असे झाल्यास त्याचे मूळ बहुधा वर सांगितलेल्या यूएसबीच्या यादीत असते. पेनड्राइव्ह दुसऱ्या जोडात लावून पाहणे हा तेथला सर्वांत स्वस्त प्रयोग. निवेदन शेवटपर्यंत सरळ गेले आणि मग पडदा काळा झाला, तर ग्राफिक्स कार्डाकडे पाहावे. एएमडीच्या आरएक्स पाच हजार आणि सहा हजार या मालिकांतल्या कार्डांना ‘एजीडीपीमॉड’ नावाची एक सूचना द्यावी लागते, आणि ती राहून गेली तर नेमके असेच घडते.

यापूर्वीही एक प्रश्न विचारावयास हवा. दोष खरोखर मॅकओएसच्या संदर्भातला आहे काय? रॅमची पट्टी सदोष असेल, वीज पुरविणारी पेटी दुबळी झाली असेल किंवा पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल, तर ओपनकोअरची फाइल कितीही वेळा लिहून काढली तरी उपयोग नाही. याची परीक्षा सोपी आहे. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्याच यंत्रावर तासभर काम करून पाहावे. रॅमची तपासणी करणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावा. रॅमचा वेग वाढविणारी एक्सएमपी ही निवड बायोसमध्ये चालू असेल, तर ती तात्पुरती बंद करावी. लिनक्सवरही यंत्र कोसळत असेल, तर दोष भागांत आहे. लिनक्सवर ते सुरळीत चालत असेल, तर भाग बहुतांशी निर्दोष आहेत आणि दाखल्यांकडे वळण्यास हरकत नाही. या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

दुसरे सूत्र याहून साधे आणि पाळावयास याहून कठीण आहे. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. अधीर झालेला माणूस तीन केक्स्ट बदलतो, दोन सूचना वाढवितो, बायोसमधली एक निवड उलटवितो आणि यंत्र सुरू करतो. ते सुरू झाले, तर कशामुळे झाले हे त्याला कळत नाही. न झाले, तर कोणत्या बदलाने भर घातली हेही कळत नाही. उलट साध्या वहीत तारीख, केलेला बदल आणि दिसलेला परिणाम अशा तीन रकान्यांची नोंद ठेवणाऱ्याला आठ-दहा प्रयत्नांनंतर काय निकालात निघाले आणि काय शिल्लक आहे, हे निश्चित सांगता येते. कॉन्फिग फाइलीत बदल केल्यावर ती ओपनकोअरसोबत मिळणाऱ्या ओसीव्हॅलिडेट या साधनाने तपासून घ्यावी. बूटलोडरच्या नव्या आवृत्तीत रकान्यांची रचना बदलते, आणि जुन्या रचनेची फाइल नव्या आवृत्तीला दिली की चालता संगणक एका सकाळी बंद पडतो.

याच्याच जोडीला दुसऱ्याची तयार फाइल उचलून आपल्या यंत्रात ठेवण्याच्या सवयीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मदरबोर्डाचे नाव सारखे दिसले, तरी त्याची आवृत्ती, बायोसची आवृत्ती आणि जोडांची मांडणी भिन्न असू शकते. एका जिल्ह्यातील गावांची यादी दुसऱ्या जिल्ह्याच्या कचेरीत लावून कारभार करावा, तसा तो प्रकार होतो. काही नावे योगायोगाने जुळतात, आणि म्हणूनच उरलेल्यांचा घोळ लवकर उमगत नाही.

निदान कसे चालते, याचा एक नमुना पाहू. समजा, दहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एएमडीचे ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई जातीची एसएसडी असलेले एक यंत्र काही महिने उत्तम चालले, आणि मग त्याला एक व्याधी जडली. निद्रावस्थेत पाठविले की काही क्षणांत ते आपोआप जागे होते. मालकाचा पहिला संशय प्रणालीच्या नव्या आवृत्तीवर जाईल, दुसरा ग्राफिक्स कार्डावर, तिसरा वीज पुरविणाऱ्या पेटीवर. संशयांची ही मालिका बाजूस ठेवून त्याने आधी वहीकडे वळावे. व्याधी केव्हा सुरू झाली? वही सांगते, वायफाय आणि ब्लूटूथचे कार्ड बसविल्यानंतर. मग टर्मिनलमध्ये पीएमसेट या आज्ञेने जागृतीची नोंद पाहावी. तेथे जागे होण्याचे कारण म्हणून ‘एक्सएचसी’, म्हणजे यूएसबी नियंत्रक, असे नाव आढळते. नवी आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि वीजपेटी हे तिन्ही संशयित येथेच मागे पडतात. पुढची पायरी म्हणजे बाहेरची सारी यूएसबी उपकरणे काढणे. व्याधी कायम राहते. त्यानंतर ब्लूटूथची अंतर्गत तार बोर्डावरून काढून पाहावी. यंत्र शांतपणे झोपते. दोष आता एका जोडापाशी येऊन ठेपला. यादी उघडली असता दिसते की, हा आतला जोड बाहेरचा म्हणून नोंदविला गेला आहे. अंतर्गत जोडासाठी तेथे २५५ हा अंक हवा असतो. तो घातला, तार पुन्हा लावली, आणि व्याधी गेली. एका अंकाची ही चूक होती. तिच्यापायी कोणी ग्राफिक्स कार्ड बदलले असते, किंवा सारी डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविली असती, तरी ती दुरुस्त झाली नसती. नव्या प्रणालीपुढेही तीच चुकीची यादी आली असती.

डिस्क पुसून सर्व नव्याने बसविण्याचा हा मोह अत्यंत घातक आहे. त्यात दोषाच्या खुणा नाहीशा होतात, हे एक नुकसान. आणि चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे नाहीशी होतात, हे दुसरे आणि कधीही भरून न निघणारे. म्हणून निदानाला हात घालण्यापूर्वीच दोन गोष्टी सिद्ध असाव्यात. पहिली, कामाच्या फाइलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत. मॅकओएसमधील टाइम मशीन हे साधन त्यासाठीच आहे, आणि ती डिस्क प्रयोगांच्या वेळी काढून ठेवावी. दुसरी, चालू स्थितीतल्या ओपनकोअरची पेनड्राइव्हवर प्रत. बूटलोडरच्या फाइली डिस्कच्या ईएफआय नावाच्या लहानशा भागात असतात, आणि मॅकओएसने आखलेल्या डिस्कवर तो भाग साधारण दोनशे मेगाबाइटांचा असतो. तेवढी प्रत जवळ असली, म्हणजे प्रयोग फसला तरी पेनड्राइव्हवरून यंत्र पूर्वस्थितीत उभे करता येते. नवी सूचना प्रथम या पेनड्राइव्हवर पारखावी आणि ती पटल्यावरच डिस्कवर न्यावी, हा नियम ज्याने पाळला त्याचे यंत्र सहसा पूर्ण बंद पडत नाही.

यंत्र सुरू झाल्यावरचे दोष तुलनेने सौम्य असतात. आवाज येत नसेल, तर ध्वनीच्या चिपेसाठी ॲपलएएलसी या केक्स्टमध्ये जे क्रमांक दिलेले असतात, ते एकेक करून पाहावे लागतात. येथेही एका वेळी एकच. संदेशांची सेवा चालत नसेल, तर जाळ्याचा पहिला जोड अंतर्गत म्हणून नोंदलेला आहे की नाही, हे पाहावे. या सेवांसाठी यंत्राला अनुक्रमांकही सांगावा लागतो, आणि तेथे दोषनिदानाबरोबर नीतीचाही प्रश्न उभा राहतो. खऱ्या संगणकाला लाभलेला क्रमांक आपल्या यंत्राने वापरला, तर त्या संगणकाच्या निरपराध मालकाला त्याचा उपसर्ग पोहोचू शकतो. स्वतःची सोय दुसऱ्याच्या नावावर चालविणे कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नव्हे.

काही दोष मात्र दुरुस्त होण्याजोगे नसतात, आणि ते वेळीच ओळखणे हेही निदानच होय. २०१८ मध्ये मोहावे ही आवृत्ती आली, तेव्हा एनव्हीडियाच्या त्या काळच्या नव्या कार्डांना तिच्यासाठी ड्रायव्हर मिळालाच नाही. कित्येक महागडी कार्डे एका दिवसात निरुपयोगी ठरली. २०२३ मध्ये सोनोमा आवृत्तीने ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. अशा वेळी यंत्रात काही बिघडलेले नसते. घरच्या धन्याने एक खोली बंद केलेली असते, आणि त्या घरी बोलावणे नसताना राहणाऱ्याला तक्रार करण्याचा अधिकार नसतो. म्हणून नवी आवृत्ती निघताच ती घेण्याची घाई करू नये. आपल्या प्रत्येक भागाला तीत जागा आहे काय, हे आधी पाहावे. ओपनकोअर आणि केक्स्ट प्रथम अद्ययावत करावेत, आणि प्रणालीला हात त्यानंतर घालावा.

शेवटी मर्यादेचा विचार. जून २०२० मध्ये ॲपलने इंटेलचा त्याग करून स्वतःचे प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन प्रोसेसरचे पहिले संगणक आले, आणि जून २०२३ मध्ये मॅक प्रोदेखील बदलल्यावर हे स्थित्यंतर पूर्ण झाले. जून २०२५ मध्ये कंपनीने सांगितले की, टाहो ही मॅकओएसची २६ क्रमांकाची आवृत्ती इंटेलच्या संगणकांवर चालणारी शेवटची आवृत्ती होय. ती सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. २००६ मध्ये उघडलेले दार अशा रीतीने मिटत आले आहे. बाजारातला सुटा प्रोसेसर ॲपलच्या नव्या प्रोसेसरची जागा घेऊ शकत नाही; आणि ज्या प्रणालीत इंटेलसाठी लिहिलेला गाभाच उरणार नाही, तिला कोणताही दुभाषी इंटेलच्या यंत्राशी बोलती करू शकणार नाही.

ज्यांच्याकडे असे यंत्र आज चालू आहे, त्यांनी यावरून काही व्यवहारी निष्कर्ष काढावेत. केवळ या कामासाठी नवे भाग विकत घेण्यात आता शहाणपणा नाही. आहे ते यंत्र चालवावे. परंतु ज्या दिवशी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबेल, त्या दिवसानंतर बँकेचे आणि खासगी व्यवहार त्यावर करू नयेत. फायनल कट किंवा लॉजिकमध्ये केलेली जी कामे पुढेही लागणार आहेत, ती इतर साधनांनाही वाचता येतील अशा स्वरूपात आतापासूनच काढून ठेवावीत, कारण मूळ फाइली उघडण्यासाठी पुढे मॅकच लागेल. यंत्र स्वतः मात्र टाकाऊ होत नाही. तेच भाग लिनक्सवर किंवा विंडोजवर आणखी कित्येक वर्षे सेवा देतील, आणि तेथे त्यांना आपण कोण आहोत याविषयी खोटे सांगावे लागणार नाही.

ही सारी खटपट ज्याने नीट केली, त्याच्या हाती एक गोष्ट राहते. यंत्र कोठे थांबले हे आधी पाहणे, संशयाआधी नोंद वाचणे, एका वेळी एकच बदल करणे, आणि परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणे, ही शिस्त कोणत्याही एका प्रणालीची मिरास नाही. शेतावरचा पंप अडला किंवा कचेरीतला छपाईचा संगणक रुसला, तरी ती तितकीच कामी येते.